बांबू झाड आहे की गवत?

गेल्या शनिवारी ऑफिसच्या ग्रुपची बैठक होती, धरमपेठेत, तर्री-पोह्यांवर. विषय नेहमीचाच: यंदा कोणत्या गावाला काय द्यायचं? दोन वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढून एका गावात सौर कंदील वाटले होते. फोटोबिटो काढले, टाळ्या झाल्या. वर्षभराने परत गेलो तर निम्म्याहून जास्त कंदील फळीवर धूळ खात पडलेले. एक आजी म्हणाल्या, "देल्लं थे बरं केलं बाबू, पण बिघडलं त सांगाचं कोनाले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून 'मदत' हा शब्द ऐकला की मला मेंढा-लेखा आठवतं. आज त्याच गावाचा इतिहास.

गडचिरोली जिल्हा, धानोरा तालुका. गोंड आदिवासींचं जेमतेम पाचशे वस्तीचं गाव, भोवती सुमारे 1,800 हेक्टर जंगल. जमीनदारीच्या काळात लोकांना या जंगलात निस्तार हक्क होते, म्हणजे घरापुरतं लाकूड, बांबू, फळं आणता यायची. स्वातंत्र्यानंतर जमीनदारी गेली, जंगल सरकारकडे आलं आणि निस्तार हळूहळू आटत गेला. घराच्या कुडासाठी बांबू आणला तर गुन्हा. तोच बांबू कागद कारखान्याला मात्र सरकारी करारावर मिळायचा!

1980 च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन पेटलं. मेंढ्याचे लोकही त्यात होते. धरणं अडली. पण माझ्या मते खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. गावातले देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल (आई आणि वडील दोघांचंही नाव लावणारे!) यांनी गावाबरोबर अभ्यास मंडळ सुरू केलं. बसायचं, कायदा समजून घ्यायचा, बोलायचं. बाहेरचा माणूस माहिती देणार, निर्णय मात्र गाव घेणार. तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीला.

आमच्या ऑफिसात असं केलं तर एकही रिलीज वेळेवर जाणार नाही :) पण विचार करा, बहुमतात हरलेला माणूस घरी जाऊन काय करतो? जंगल राखायचं असेल तर एकानेही रात्री कुऱ्हाड घेऊन जाऊन चालत नाही. तिथे सर्वसहमती हा आदर्शवाद नाही, ती व्यवहाराची गरज आहे.

आता शीर्षकाकडे येतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू म्हणजे गवत. पण 1927 च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातलेला होता. झाड म्हणजे इमारती लाकूड, आणि ते वनखात्याचं. एका व्हेरिएबलचा टाइप चुकीचा लिहिला आणि पुढच्या पिढ्या त्याचा बग भोगत राहिल्या, असंच म्हणा ना. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. 2009 मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक.

पण गंमत पुढेच आहे. हक्क मिळाला, बांबू तोडता येतो, पण विकून गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखात्याच्या हातात! म्हणजे लॉगिन दिलं, परवानगी रीड-ओन्ली. गाव दीड-दोन वर्षं अडून बसलं. शेवटी 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर बांबूच्या विक्रीतून मिळणारा पैसा थेट ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला. तोडणीची मजुरी गावातच राहिली आणि किती तोडायचं, किती राखायचं हेही गावच ठरवू लागलं.

सगळं गोडगोड झालं असं नाही. 2013 मध्ये गावाने विनोबांच्या वाटेने ग्रामदान करायचं ठरवलं, म्हणजे खासगी शेतजमिनीची मालकीही गावाची. त्यासाठी 1964 चा ग्रामदान कायदा राज्यात होताच. तरी अंमलबजावणीसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं, पार आपल्या नागपूर खंडपीठापर्यंत. सरकारला स्वतःचेच कायदे आठवून द्यावे लागतात, हे या गावाचं जणू कायमचं काम झालं आहे. शिवाय प्रत्येक गावाभोवती बांबू नसतो, हेही खरं. कोरडवाहू विदर्भातल्या गावाला मेंढ्याची नक्कल करून भागणार नाही.

पण एक गोष्ट उचलता येते. मेंढ्याला कोणी काही 'वाटलं' नाही. जे त्यांचंच होतं ते त्यांनी परत मिळवलं, आणि बाहेरच्या मित्राने फक्त अभ्यासाला सोबत केली. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा प्रसिद्ध आहे. त्यातला पहिला अर्धा भाग लोक विसरतात. सरकार नाकारलेलं नाही, त्याला आपलं म्हटलंय आणि म्हणूनच जाब विचारलाय.

असो. परवाच्या बैठकीत मी एवढंच म्हटलं, यंदा काही घेऊन जायला नको. आधी त्या आजींच्या गावात जाऊन बसू, आणि कंदील दुरुस्त करायला तिथलंच कोणी शिकायला तयार आहे का ते विचारू. दोघांना पटलं, तिघांना नाही. सर्वसहमती झालेली नाही.

म्हणून विषय पुढच्या शनिवारी. पोहे माझ्याकडून.