परंड्याचा गुरू आणि परंड्याची तोफ

विजापूरच्या शेरझा बुरुजावर आज जी ‘मलिक-ए-मैदान’ तोफ दिसते, ती मूळची विजापूरची नव्हे. हिजरी ९५६ मध्ये, म्हणजे इ.स. १५४९ मध्ये, ती अहमदनगरला ओतली गेली. पुढे ती धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ती विजापूरला नेली. तोफेवरच्या लेखांत दोन नावे महत्त्वाची आहेत. ओतणारा मुहंमद बिन हुसेन रूमी, आणि मालक निजामशहा. हा निजामशहा म्हणजे अहमदनगरचा सुलतान पहिला बुऱ्हाण. लेखात तो स्वतःला पैगंबरांच्या घराण्याचा सेवक म्हणवतो.

या एका शब्दयोजनेवरून त्याचा पंथ ठरवणे घाईचे होईल, कारण पैगंबरांच्या घराण्याविषयी आदर सुन्नींनाही आहे. शिया आणि सुन्नी यांच्यातला मतभेद वारसाहक्काचा आहे. ६३२ मध्ये पैगंबर निवर्तले, तेव्हा समाजाचे नेतृत्व अबू बक्र यांच्याकडे गेले. सुन्नी ही परंपरा मानतात. शियांच्या मते तो अधिकार पैगंबरांचे जावई अली यांचा आणि त्यांच्या वंशातील इमामांचा होता. ६८० मध्ये करबला इथे अलीपुत्र हुसेन मारले गेले आणि या मतभेदाला कायमच्या शोकाची धार आली. तेव्हा तोफेवरच्या शब्दांचा अर्थ लावायला दुसरा पुरावा हवा. तो इतिहासकार फरिश्त्याच्या बखरीत मिळतो. फरिश्ता स्वतः शिया होता, हे ध्यानात ठेवूनच त्याचे वाचन केले पाहिजे.

फरिश्ता सांगतो ती हकीकत परंड्यातूनच सुरू होते. इराणातून जीव वाचवून निघालेला शाह ताहिर नावाचा विद्वान गोव्यामार्गे दख्खनमध्ये उतरला आणि परंड्याला ख्वाजा जहान दखनी याच्या आश्रयाला राहिला. बुऱ्हाणने काही कामासाठी आपला शिक्षक पीर मुहंमद याला तिथे पाठवले. पीर मुहंमद सुन्नी. तरीही शाह ताहिरची विद्वत्ता पाहून तो त्याचा शिष्य झाला आणि टॉलेमीचा खगोलग्रंथ त्याच्यापाशी शिकला. त्याच्याच शिफारशीवरून १५२२ मध्ये शाह ताहिर अहमदनगरच्या दरबारी गेला.

सुमारे पंधरा वर्षांनी बुऱ्हाणने शाह ताहिरच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला आणि खुतब्यात, म्हणजे मशिदीतल्या शुक्रवारच्या प्रवचनात, बारा इमामांची नावे आली. सुन्नी मंडळी बिथरली. त्यांच्या उठावाचा म्होरक्या होता तोच पीर मुहंमद. उठाव मोडला. बुऱ्हाण त्याचा शिरच्छेद करायला निघाला होता, पण शाह ताहिरने रदबदली केली. पीर मुहंमदच्या वाट्याला कैद आली, आणि पुढे सुटकाही. तोफ ओतली गेली ती या घटनांनंतर. आता तिच्यावरचे ‘घराण्याचा सेवक’ हे शब्द पंथाची जाहीर खूण म्हणून वाचता येतात. शाह ताहिर हा मुळात इस्माइली, निजारी शाखेचा इमाम होता, असे आधुनिक संशोधन सांगते. म्हणजे ‘शिया’ हा शब्दही एकाच रंगाचा नाही.

पण त्या काळचे दरबार केवळ पंथाने विभागलेले नव्हते. इराणी, तुर्क, अरब असे बाहेरून आलेले ते आफाकी. इथेच रुजलेले ते दखनी. आफ्रिकेतून आलेले ते हबशी. आफाकींत शिया पुष्कळ, दखनी आणि हबशींत सुन्नी पुष्कळ, म्हणून दोन्ही भेद एकमेकांत मिसळत. तरी ते एक नव्हते. विजापूरला १५३४ च्या सुमारास पहिला इब्राहिम आदिलशहा गादीवर आला. त्याने इमामांची नावे खुतब्यातून काढली, बहुतेक आफाकींना नोकरीवरून दूर केले आणि हिशेबाचे दप्तर फारसीतून काढून ब्राह्मण कारकुनांकडे, इथल्या भाषेत सोपवले. ती भाषा मराठी होती, असे इतिहासकार मानतात. मशिदीतल्या खुतब्याबरोबर कचेरीतली लेखणीही बदलली, ती अशी. १५५८ मध्ये त्याचा मुलगा अली गादीवर आला आणि त्याने खुतबा पुन्हा शिया केला. नळदुर्गच्या किल्ल्याची दगडी तटबंदी याच अलीची.

इराकच्या बातम्यांत ‘शिया, सुन्नी आणि कुर्द’ अशी तीन नावे एका ओळीत येतात, तेव्हा हाच जुना दरबार आठवावा. पहिली दोन पंथांची नावे आहेत, तिसरे एका लोकसमूहाचे, त्याच्या भाषेचे आणि भूमीचे. बहुसंख्य कुर्द सुन्नीच आहेत, आणि आपल्या कोकणी मुसलमानांप्रमाणे शाफी परंपरेचे. काही कुर्द शिया आहेत, काही यझिदी. दखनी माणूस जसा सुन्नी असू शके तसाच शियाही, तसेच हे आहे.

पंथ एक असला म्हणजे मैत्री असते, असेही नाही. १५८० नंतर नळदुर्गला वेढा घातला तो अहमदनगर आणि गोवळकोंडा या दोन शिया सत्तांनी, आणि किल्ला होता अलीने तटबंदी घातलेला, विजापूरचा. उलट १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर सुन्नी औरंगजेबाने त्याच तोफेवर आपला विजयलेख कोरला, पण बुऱ्हाणचा शिया लेख आजही तिथे वाचता येतो. मराठवाड्यात आजही मोहरमात गावोगावी पंजे बसतात आणि त्यांचा मान हिंदू घरांकडेही असतो. माणसाचा पंथ, त्याची भाषा आणि त्याचा धनी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद वाचताना आणि बातमी वाचताना त्या वेगळ्याच ठेवाव्यात, एवढे परंड्याची साक्ष सांगते.