परवान्याची वाट : नगर ते तवांग

आपल्या विहारातील उपासक-उपासिकांनी तवांगला जायचे ठरविले, तेव्हापासून रविवारच्या वंदनेनंतर एकच प्रश्न निघतो : "आपल्याच देशातल्या बुद्धविहारात जायचं, तर परवाना कशाला हवा?" प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यांना 'परवानगी' हा शब्दच बोचतो. म्हणून सामानाच्या यादीआधी थोडा इतिहास पाहू.

हिमालयातल्या बौद्ध प्रदेशाची वाट आपल्या माणसांना कधीच सोपी नव्हती. गोव्याचे धर्मानंद कोसंबी धम्माच्या शोधात १९०२ साली काशीहून नेपाळात गेले. तिथे त्यांची निराशा झाली. मग बोधगया, कलकत्ता करीत ते सिलोनला पोचले. त्या काळी नेपाळ परक्यांना बंद असे, शिवरात्रीच्या यात्रेला तेवढी मोकळीक मिळे. पुढे १९२९ साली राहुल सांकृत्यायन याच शिवरात्रीच्या गर्दीतून नेपाळात शिरले आणि वेष पालटून ल्हासाला गेले. परत येताना त्यांनी ग्रंथांची ओझी खेचरांवर लादून आणली.

या गोष्टीचा आपल्या नगरशी संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. वसुबंधूंचा 'अभिधर्मकोश' हा थोर ग्रंथ भारतातून नाहीसा झाला होता. चिनी आणि तिबेटी अनुवादांत तो टिकला. १९४२ च्या आंदोलनात आचार्य नरेंद्र देव नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तिथे बसून त्यांनी फ्रेंच अनुवादावरून त्याचे हिंदी भाषांतर करण्याचे काम केले. मूळ संस्कृत पोथी राहुलजींना १९३० च्या दशकात तिबेटच्या एका मठातच सापडली होती. म्हणजे जो ग्रंथ बर्फाच्या मुलखात जपला गेला, त्यावर भिंगार नाल्याच्या काठी, किल्ल्याच्या भिंतीआड काम चालले. वाटा बंद असल्या तरी धम्म चालत राहतो, तो असा.

आणि बाबासाहेब? नागपूरच्या दीक्षेनंतर महिनाभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, प्रकृती ढासळलेली असताना ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या अखेरच्या प्रवासांपैकी एक हिमालयाच्या कुशीतला होता, हे आपण विसरू नये.

आता परवान्याविषयी. इंग्रजांनी १८७३ साली बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन काढले आणि आसामच्या डोंगरांच्या पायथ्याशी एक 'इनर लाइन' आखली. हेतू त्यांच्या व्यापाराच्या सोयीचा होता. चहामळेवाले व व्यापारी डोंगरात शिरून तंटे उभे करीत, ते त्यांना नको होते. पण त्याच नियमाने बाहेरच्यांना रेषेपलीकडे जमीन घ्यायलाही बंदी केली. स्वातंत्र्यानंतर नियम राहिला, अर्थ मात्र पालटला. आज अरुणाचलातल्या जमातींना त्यात आपल्या जमिनीचे रक्षण दिसते. पाणवठ्यावरचा मज्जाव जन्मावर होता, माणसाला हीन ठरविणारा होता. हा परवाना कोणाही बाहेरच्याला लागतो, मग तो शेठ असो की मजूर. दोन्हींना एकाच मापाने मोजू नये, असे आम्हास वाटते. लडाखमध्ये भारतीयांसाठीचा असा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये उठला. अरुणाचलात तो कायम आहे.

तेव्हा तयारी अशी. ओळखपत्र व फोटो जोडून प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज करावा. तो ऑनलाइनही होतो. भालुकपाँगच्या नाक्यावर परवाना तपासतात, म्हणून दोन-तीन प्रती जवळ ठेवाव्यात. ओळखपत्रावरचे नाव आणि अर्जातले नाव जुळते का, हे आधी पाहून घ्यावे.

दुसरी तयारी शरीराची. अकोले तालुक्यातले आपले कळसूबाई, महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर म्हणजे सुमारे ५,४०० फूट. तवांग १०,००० फुटांच्या आसपास आणि वाटेतला सेला घाट १३,७०० फुटांचा. २०२४ मध्ये बोगदा झाल्याने घाटमाथा टळतो, पण उंची फारशी टळत नाही. कळसूबाई चढून गुडघे आणि दम यांची परीक्षा होईल. विरळ हवेची सवय मात्र तिथे होत नाही. ती वाटेत मुक्काम करूनच होते. म्हणून बोमडिला किंवा दिरांगला थांबायचे, घाई करायची नाही. डोके दुखले, उलटी झाली तर वर चढू नये. धाप वाढली तर तत्काळ खाली उतरावे. रक्तदाब, दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव देऊ नये. कोणी मागे राहिले, तर त्यात कमीपणा नाही.

तवांगचा मठ सतराव्या शतकातला. त्यांची पूजापद्धती, वाद्ये, मूर्ती आपल्याहून निराळ्या. तिथे पाहुण्यासारखे वागावे. वाद घालायला नव्हे, समजून घ्यायला जावे. सोबत 'बुद्ध आणि त्याचा धम्म' न्यावा आणि आपण कोण, कसे या वाटेवर आलो, हे त्यांना सांगावे. त्यांनी धम्म पिढ्यान्‌पिढ्या जपला, आपण तो नव्याने स्वीकारला. ही भेट व्हायलाच हवी.

नमो बुद्धाय! जयभीम!