प्रवासातले चार दिवस: वयात आलेली मुलगी आणि मराठी कुटुंब

पाळी सुरू झालेली पण लग्न न झालेली मुलगी आईवडिलांबरोबर सुटीच्या प्रवासाला निघते, ही आज अगदी साधी वाटणारी घटना मराठी पांढरपेशा कुटुंबाच्या इतिहासात जेमतेम शंभर वर्षांची आहे. त्यापूर्वी अशी मुलगी माहेरच्या घरात सहसा नसेच. पराशरस्मृतीसारख्या ग्रंथांनी आठ वर्षांच्या मुलीला गौरी, नऊ वर्षांच्या मुलीला रोहिणी आणि दहा वर्षांच्या मुलीला कन्या म्हटले होते, त्यापुढे ती रजस्वला, म्हणजे पाळी येणारी, होते असे मानले होते, आणि अविवाहित मुलगी बापाच्या घरी रजस्वला झाली तर त्याचे पाप बापाला लागते असा धाकही घातला होता. या धाकामुळे वरिष्ठ मानल्या गेलेल्या जातींत मुलींची लग्ने पाळी येण्यापूर्वीच उरकली जात. पहिल्या पाळीच्या वेळी तिला काय करावे हे सांगायला बहुतेक वेळा सासू, जाऊ किंवा सासरची एखादी विधवा आत्या असे. आई असलीच तर निरोप मिळाल्यावर न्हाणाचा आहेर घेऊन येणारी पाहुणी म्हणून असे.

न्हाण येणे, म्हणजे मुलीला पहिली पाळी येणे, ही तेव्हा लपवण्याची गोष्ट नव्हती. मुलीला सजवलेल्या मखरात बसवत, सुवासिनी तिची ओटी भरत, गाणी म्हणत, साखर वाटत, आणि त्यानंतर ऋतुशांती व गर्भाधान, म्हणजे पतिपत्नीचा शरीरसंबंध सुरू करण्याचा संस्कार, यांचा मुहूर्त पाहिला जाई. त्या कौतुकाचा अर्थ मुलीच्या दृष्टीने किती भयंकर असू शकतो याची जाहीर चर्चा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी झाली. शरीरसंबंधासाठी मुलीचे वय दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या या कायद्याला लोकमान्य टिळकांनी विरोध केला, तर आगरकरांनी त्याचा पुरस्कार केला. पुढे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले, १९४९ मध्ये ते पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा झाले. कायद्यापेक्षाही मुलींच्या शाळांनी आणि शहरांतील नोकरदार जीवनाने लग्ने लांबवली. मुलगी माहेरीच वयात येऊ लागली आणि त्याबरोबर मखर नाहीसे झाले, कारण लग्न न झालेल्या मुलीची पाळी गावभर सांगण्यात आता काही प्रयोजन उरले नव्हते. जे पूर्वी साखर वाटून सांगितले जाई ते आता आईने मुलीच्या कानात सांगायचे झाले, आणि बापाला शक्यतो कळू द्यायचे नाही असा नवा संकेत पडला. हा संकेत प्राचीन परंपरेतून आला असे समजले जाते, परंतु त्याचे वय पाहिले तर तो विसाव्या शतकातला आहे.

विटाळ मात्र खरोखरच जुना होता. तैत्तिरीय संहितेतील कथेनुसार इंद्राने विश्वरूपाला मारले, त्या ब्रह्महत्येच्या पापाचा एक तृतीयांश वाटा स्त्रियांनी घेतला आणि तोच दर महिन्याला पाळीच्या रूपाने प्रकट होतो. या कल्पनेवर तीन दिवस दूर बसणे, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात येणे, आणि या काळात नकळत घडलेल्या स्पर्शदोषाच्या निवारणासाठी भाद्रपदात ऋषिपंचमीचे व्रत करणे असा सगळा आचार उभा राहिला. तो पाळायला घराची विशिष्ट रचना लागे: पडवीचा कोपरा किंवा परसाकडची खोली, वेगळे कांबळे, वेगळा तांब्या, वरून वाढलेले पान. गडचिरोलीच्या माडिया गोंड वस्त्यांत तर यासाठी कुर्माघर नावाची स्वतंत्र झोपडी असते. ‘बाहेरची’, ‘शिवायची नाही’, ‘कावळा शिवला’ असे पाळीसाठीचे शब्दप्रयोग घराच्या याच मांडणीतून आले. याला विरोध करणारेही याच भूमीत होते. महानुभाव पंथात चक्रधरस्वामींनी पाळीला शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव मानले, आणि चौदाव्या शतकात सोयराबाईने आपल्या अभंगात, देह विटाळातूनच जन्मतो तर विटाळ नसलेला देह दाखवा, अशा आशयाचा रोकडा प्रश्न विचारला. चोखोबांच्या घरातल्या या स्त्रीला जातीचा आणि बाईपणाचा असे दोन्ही विटाळ ठाऊक होते, म्हणून तिच्या प्रश्नाचे मोल कोणत्याही शास्त्रार्थाहून अधिक आहे.

घराच्या मांडणीवर टिकून असलेला हा आचार घराबाहेर पडताच डळमळू लागे, आणि हे शास्त्रकारांच्याही लक्षात आलेले दिसते. तीर्थात, विवाहात, यात्रेत, युद्धात, देशावर आलेल्या संकटात किंवा गाव जळत असताना शिवाशिवीचा दोष लागत नाही, अशा अर्थाचे वचन बृहस्पतीच्या नावाने धर्मनिबंधांत दिलेले आढळते. ही सवलत स्पर्शदोषाविषयी सर्वसाधारण स्वरूपाची होती आणि रजस्वलेला देवळाचे दार उघडून देण्याचा तिचा हेतू नव्हता. तरीही वाटेवर सगळे नियम चालत नाहीत ही कबुली तिच्यात आहे. पंढरीची वारी हे त्याचे जिते उदाहरण होय. आळंदीहून निघालेली पालखी पंढरपूरला पोहोचायला सुमारे अडीच ते तीन आठवडे लागतात. एवढ्या काळात दिंडीतल्या तरुण स्त्रियांपैकी बहुतेकींची पाळी वाटेतच येणार हे उघड आहे, आणि मुक्काम रोज हलत असताना कोणालाही तीन दिवस मागे बसता येत नाही. चालावेच लागते, आणि शेजारणीच्या खांद्याला खांदा लागतोच.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली आणि पुढच्या काही दशकांत वाटेवरची ही सवलत लाखो लोकांच्या अंगवळणी पडली. डब्यातल्या बाकावर शेजारी कोण बसले आहे हे विचारण्याची सोय नव्हती. स्त्रियांच्या दृष्टीने रेल्वेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची ओळ १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याच्या चौसष्टाव्या कलमात आहे. १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक डबा किंवा कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवावा, आणि गाडी पन्नास मैलांहून अधिक अंतर जाणार असेल तर अशा एका कप्प्यात शौचकूप असावा, असे त्या कलमाने बंधन घातले. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पडदा आणि अब्रू होती, पाळी बहुधा नव्हती. पण पाळी आलेल्या मुलीला दार लावून घडी बदलता येईल अशी सार्वजनिक जागा कायद्याने सक्तीची केल्याचे इतके जुने उदाहरण आपल्याकडे दुर्मीळच म्हणावे लागेल. संमतिवयाचा कायदा आणि हा डबा एकाच वर्षी अमलात आले, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

घडी म्हणजे जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. अनेक वेळा धुतलेले लुगडे मऊ होते आणि पाणी शोषते, म्हणून ते फाडून ठेवलेले असे. त्याची घडी कमरेच्या दोरीला लंगोटीसारखी बांधत. घरी हे कापड धुऊन दुसऱ्या कपड्याआड, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालत, आणि ऊन न लागल्याने त्यातून खाज व जंतुसंसर्ग होत. प्रवासात तर तेही जमत नसे. धर्मशाळेच्या एकाच विहिरीवर चारचौघींसमोर धुवायचे कसे, ओले कापड बोचक्यात बांधले तर वास येतो तो लपवायचा कसा, हे प्रश्न आईपुढे असत. म्हणून वापरून टाकून देता येतील अशा जीर्ण चिंध्या प्रवासासाठी मुद्दाम साठवल्या जात. अशा चिंध्यांचे गाठोडे ट्रंकेच्या तळाशी ठेवणे हीच आईने मुलीला केलेली मदत होती, आणि ती प्रवासवर्णनांत सहसा नोंदलेली आढळत नाही. मराठी प्रवासवर्णनांचे दालन समृद्ध असताना त्यात ही एक गोष्ट जवळजवळ अदृश्य राहावी, ही मोठी उणीव आहे.

सुटी म्हणून प्रवास करण्याची रीत हळूहळू रुजली. १९०७ मध्ये माथेरानची छोटी गाडी सुरू झाली, तरी थंड हवेची ठिकाणे दीर्घकाळ साहेबाची आणि धनिकांची राहिली. सामान्य मुंबईकर कुटुंबाची सुटी म्हणजे मे महिन्यातले आजोळ. चाळीच्या दोन खोल्यांत दूर बसायला कोपराच नसल्याने ज्या मुलीने विटाळ फारसा पाहिलेला नसे, तिला कोकणातल्या किंवा देशावरच्या आजीच्या घरी पडवीत बसवले जाई, आणि मामेभावंडांना ती का खेळायला येत नाही याचे उत्तर कावळ्याच्या नावावर मिळे. एकाच मुलीला वर्षातून दोन वेगवेगळे कायदे लागू होत आणि त्यांच्यामध्ये आईची ओढाताण होई. १९४८ मध्ये एस.टी. सुरू झाली, १९५६ पासून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत मिळू लागली, १९७५ मध्ये पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले, आणि नोकरदार कुटुंब आजोळाऐवजी महाबळेश्वर, गोवा, अष्टविनायक अशा सहलींना निघू लागले. १९७३ मध्ये निघालेली ‘कालनिर्णय’ दिनदर्शिका घरोघरी भिंतीवर आली, तेव्हा दुधाच्या हिशेबाशेजारी तारखेभोवती काढलेली बारीक खूण ही त्या घरातील स्त्रीची खासगी नोंद असे, आणि सहलीचा दिवस ठरण्याआधी आई ती गुपचूप पाहून घेई. तरुण मुलीच्या बाबतीत हा हिशेब चुकण्याचा संभव फार, कारण पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षे दोन पाळ्यांमधले अंतर एकवीस ते पंचेचाळीस दिवसांपर्यंत कमीजास्त होऊ शकते. म्हणून अनुभवी आया तारखेवर विसंबत नसत. पिशवी बरोबर असेच.

या पिशवीत काय असावे हे बाजाराने बदलले. अमेरिकेत १९२० च्या सुमारास कापसासारख्या तंतूंचे, वापरून फेकायचे पॅड कोटेक्स या नावाने विक्रीस आले होते, पण ते कमरेच्या पट्ट्याला अडकवावे लागत. मागे चिकटपट्टी असलेले पॅड १९६९ च्या सुमारास आले. भारतात शहरी मध्यमवर्गापर्यंत केअरफ्री, स्टेफ्री, व्हिस्पर ही नावे पोहोचली ती दूरदर्शनच्या जाहिरातींमुळे, आणि त्या जाहिराती लागल्या की बैठकीच्या खोलीत पसरणारी शांतताही सर्वांना परिचित आहे. दुकानदार वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत पॅड देत असे. या शांततेविरुद्ध बोलणारे कोणी नव्हते असे मात्र नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाने शरीराविषयी मराठीत स्पष्ट बोलता येते हे खटले सोसून दाखवून दिले होते. त्या भाषेचा लाभ पुढच्या आयांना मिळायला हवा होता, तो मिळाला नाही.

पॅडच्या आगेमागेच गोळी आली. नोरेथिस्टेरोन हे संप्रेरकासारखे काम करणारे द्रव्य १९५१ मध्ये मेक्सिकोतील प्रयोगशाळेत तयार झाले. पाळीच्या अपेक्षित दिवसाच्या सुमारे तीन दिवस आधी ते सुरू केले तर घेत राहीपर्यंत पाळी लांबते आणि थांबवल्यावर दोनतीन दिवसांत येते. मराठी घरांत या गोळीचा वापर गणपती, लग्न, सत्यनारायण आणि देवदर्शनाच्या सहली यांच्याभोवती वाढला. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असलेल्यांना ही गोळी घातक ठरू शकते, म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची असते. तरी चौदापंधरा वर्षांच्या मुलींना ती औषधाच्या दुकानातून परस्पर आणून दिली गेली, आणि तेही मुलीच्या सोयीसाठी नव्हे तर देवाच्या भीतीने, याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. ज्या घरात गोळी दिली जात नसे तेथे मुलगी देवळाच्या आवाराबाहेर गाडीत बसून राही. पडवीचा कोपरा असा चाकांवर आला: सगळे कुटुंब दर्शनाच्या रांगेत, आणि बंद गाडीत पोट दुखत असलेली एक मुलगी, जिला गरम पाण्याच्या पिशवीची आणि सोबतीची सर्वाधिक गरज होती.

सुटी ज्यांच्या वाट्याला येत नाही अशा मुलींचा प्रवास या इतिहासातून वगळता येणार नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात, त्यांत वयात आलेल्या मुली असतात, आणि त्यांना महिनोन्‌महिने पालाच्या खोपीत, शौचालयाशिवाय राहावे लागते. कामाला न गेल्यास, म्हणजे खाडा झाल्यास, लागणारा दंड टाळण्यासाठी तरुण वयातल्या स्त्रियांनी गर्भाशय काढून टाकल्याची प्रकरणे २०१९ मध्ये उजेडात आली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

गेल्या दहापंधरा वर्षांत बोलणे वाढले आणि काही सोयीही झाल्या. २०११ पासून मुंबईत स्त्रियांनी सार्वजनिक मुताऱ्यांच्या हक्काची मोहीम चालवली. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने ग्रामीण मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देणारी अस्मिता योजना सुरू केली. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा बारा टक्के जीएसटी रद्द झाला. आणि अलीकडे पालखीमार्गावर वारकरी स्त्रियांसाठी पॅडची व आडोशाची सोय केली जाऊ लागली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पंधरा ते चोवीस वयोगटात स्वच्छ साधने वापरणाऱ्यांचे देशातील प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये सुमारे ७८ टक्के झाले. तरी या वयोगटातल्या सुमारे निम्म्या मुली कापडही वापरत होत्या, आणि ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवले तर त्यात गैर काही नाही. पॅड टाकायचा कुठे हा प्रश्न मात्र उरतोच. रेल्वेच्या जैवशौचालयात टाकलेला पॅड नळी तुंबवतो, म्हणून आता आईच्या पिशवीत कोऱ्या पॅडबरोबर जुन्या कागदांची चळत आणि झाकणाचा डबाही असतो. समुद्रात उतरू इच्छिणाऱ्या मुलीसाठी टॅम्पॉन किंवा सिलिकॉनचा कप असतो, जो वापरायला घरीच एकदोन पाळ्या सराव करावा लागतो. गाडी कुठे थांबवायची हे पुष्कळ कुटुंबांत आता चालवणारा बापच मुलीला विचारतो. देवळात यायचे की नाही हा प्रश्नही काही घरांत तिलाच विचारला जातो, आणि ती येते म्हणाली तर आजीला काय सांगायचे, हे आईला अजून ठरवावे लागते.