नीरेचे पाणी आणि कागदावरचा शेतकरी

नदीखोऱ्याच्या नियोजनात आता ‘मॉडेल’ हा शब्द चांगलाच रुळला आहे. पावसाच्या नोंदी, जमिनीचा उतार, मातीचा पोत, पिके, धरणे, कालवे हे सारे संगणकात भरायचे आणि मग त्याला प्रश्न विचारायचे. वर आणखी एक धरण बांधले तर? उसाचे क्षेत्र वाढले तर? मृग कोरडा गेला तर? प्रत्येक ‘तर’चे एक चित्र तयार होते आणि त्या चित्रांची तुलना करून निर्णय घ्यायचा. भीमा खोऱ्याबद्दलचे असे अभ्यास वाचताना मला राहून राहून बारामती आणि इंदापूर तालुक्यांचे जुने दप्तर आठवते. ‘असे केले तर काय होईल’ हे आधी कागदावर मांडून मग जमिनीवर उतरवण्याचा उद्योग या मुलखात संगणकाच्या दीडशे वर्षे आधीपासून चालू आहे. त्या प्रत्येक मांडणीत एक शेतकरी गृहीत धरलेला असे, आणि खरा शेतकरी बहुधा त्याच्यासारखा वागला नाही.

पहिला प्रयोग पाण्याचा नव्हता, साऱ्याचा होता. पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांच्या आत पुण्याच्या मुलखात आर. के. प्रिंगल या तरुण मुलकी अधिकाऱ्याने जमाबंदी हाती घेतली. रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त त्याच्या डोक्यात पक्का होता. जमिनीची प्रतवारी करायची, प्रत्येक प्रतीचे एकूण उत्पन्न काढायचे, त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. तर्कात खोट काढायला जागा नव्हती. पण मोजणी करणारे कारकून लाच घेऊन आकडे फिरवत होते, आणि एका शेतात बैलाला, माणसाला, बियाण्याला नेमका किती खर्च येतो हे कोणालाच धड सांगता येत नव्हते. त्यात धान्याचे भाव पडले. सारा झेपेना तशी माणसे जमिनी टाकून निजामाच्या हद्दीत निघून गेली. इंदापूर तालुका ओस पडू लागला.

म्हणूनच नव्या पाहणीची सुरुवात इंदापुरापासून झाली. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी निव्वळ उत्पन्नाचे गणितच बाजूला ठेवले. मातीची खोली आणि रंग पाहून शेताची प्रत आण्यांत ठरवायची. दर ठरवताना मागची वसुली, पाऊसमान आणि बाजाराचे अंतर बघायचे. आणि तो दर तीस वर्षे हलवायचा नाही, अशी त्यांची रीत होती. सिद्धान्ताच्या कसोटीवर ही पद्धत ओबडधोबड म्हणावी लागेल. पण पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धत मुंबई इलाख्याची रीत झाली. यातून मी एक धडा घेतो : जे मोजता येत नाही ते मोजल्याचा आव या दोघांनी आणला नाही.

तीस वर्षांची मुदत १८६७ मध्ये संपली आणि दर वाढले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी तेव्हा नुकतीच ओसरत होती, तरी दर ठरवताना तेजीतले भाव डोळ्यांसमोर होते. आजच्या भाषेत सांगायचे तर, चांगल्या वर्षांचे चित्र कायमचे धरले गेले. भाव उतरले, सारा उतरला नाही, कर्ज वाढत गेले. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या. दख्खनच्या दंग्यांची कारणे अनेक होती; हे त्यांपैकी एक.

दंग्यापाठोपाठ १८७६-७८ चा दुष्काळ आला आणि सरकारचे लक्ष साऱ्यावरून पाण्याकडे वळले. भोरच्या डोंगरात नीरेच्या खोऱ्यावर पाऊस कोसळतो, आणि त्याच नदीच्या काठी खाली बारामती-इंदापुरात वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पडतो. डोंगरातले पाणी भाटघरला अडवायचे, वीरच्या बंधाऱ्यावरून डाव्या कालव्याने खाली न्यायचे, अशी योजना झाली. १८८५ च्या सुमारास कालवा वाहू लागला. त्याची लांबी सुमारे १६० किलोमीटर. शेवट इंदापूर तालुक्यात.

या कालव्याच्या कागदावरचा शेतकरी ज्वारी-बाजरीवाला होता. तो दरवर्षी थोडे पाणी घेईल, पाणीपट्टी भरेल, आणि दुष्काळात सरकारला अन्नछत्रे उघडावी लागणार नाहीत, असा अंदाज होता. प्रत्यक्षात पाऊस बरा झाला की काळ्या रानाचा मालक पाटाकडे फिरकत नसे, कारण ते रान ओल धरून ठेवते. फुकट पाणीपट्टी कोण भरेल? पाऊस हुकला की सगळ्यांना एकाच आठवड्यात पाणी हवे असे. म्हणजे मागणी शून्य किंवा आभाळाएवढी. मधली सरासरी कागदावरच राहिली. पाणी बारमाही घेणारे आणि पट्टी भरू शकणारे पीक होते ऊस. सासवडचे माळी नीरेच्या पट्ट्यात आले, खंडाने जमिनी घेऊन त्यांनी ऊस आणि गूळ उभा केला. दुष्काळासाठी बांधलेला कालवा उसावर चालू लागला.

१८९९ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुणे विभागाचे कार्यकारी अभियंता झाले. पाणी थोड्या बागाईतदारांकडे साठते आहे, बाकीची गावे कोरडी आहेत, हे त्यांनी पाहिले आणि ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली. गावात निवडक सलग पट्टे ठरवायचे, त्यात ऊस आणि कमी पाण्याची पिके फेरपालटाने घ्यायची, पाणी मुदतबंद मंजुरीने द्यायचे. ऊस बंद करावा असे त्यांचे म्हणणे नव्हते. तो किती आणि कुठे, हे आधी ठरावे एवढेच होते. ऊसवाल्यांनी विरोध केला. पद्धत अमलात आली, टिकलीही. पण वरची गावे आणि खालची गावे यांतले अंतर तिने मिटले नाही.

दरम्यान आणखी एक हिशोब बाकी राहिला होता. झाडाला दिलेले पाणी गणितात होते, जमिनीत मुरलेले नव्हते. काही वर्षांतच नीरेच्या खोऱ्यात विहिरींची पातळी वर आली, रानांवर पांढरे मीठ फुटले, चांगली जमीन चोपण झाली. हॅरल्ड मान आणि ताम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दख्खनच्या कालव्यांच्या अशाच अडचणींच्या काळात, १९१६ मध्ये, मुंबई सरकारने सिंचनाचा एक खास संशोधन विभाग काढला. क्लॉड इंग्लिस यांनी तो वाढवला. पुढे खडकवासल्याला नद्यांच्या छोट्या प्रतिकृती, म्हणजे वाळू-पाण्याची खरीखुरी मॉडेले बांधणारी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था उभी राहिली, तिचे मूळ इथे आहे.

स्वातंत्र्यानंतर हिशोबाची पाटी मोठी झाली. भाटघरच्या जागी १९२८ मध्ये मोठे धरण झालेलेच होते. पुढे वीर आले, भीमेवर उजनी आले. आता प्रश्न राज्याराज्यांचा झाला. बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्याचे पाणी मोजताना १८९४-९५ ते १९७१-७२ अशी ७८ वर्षांची नोंद घेतली, आणि शंभरांतल्या ७५ वर्षी हमखास मिळेल असे पाणी २०६० टीएमसी धरले. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षे घेतली, हमी ६५ टक्क्यांवर आणली आणि आकडा २२९३ झाला. नोंदीची वर्षे बदलली, हमीची टक्केवारी बदलली, आणि वाटून घ्यायचे पाणी वाढले. हमी किती धरायची, हे पावसाच्या नोंदी सांगत नाहीत. तो माणसांनी घ्यायचा निर्णय आहे.

आजच्या संगणकी मॉडेलांकडे मी या पार्श्वभूमीवर पाहतो. ‘स्वॅट’ नावाचे, अमेरिकेच्या कृषी खात्यात तयार झालेले मॉडेल भीमेच्या वरच्या खोऱ्यावर वापरले गेले आहे. पुण्याच्या वर मुळा-मुठेच्या पाणलोटावर असाच एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन दशकांत शहर वाढले, शेतीही वाढली. त्याचा पाण्यावर काय परिणाम झाला? उत्तर असे आले की, काँक्रीटमुळे वाहून येणारे पाणी वाढले, पिकांमुळे उडून जाणारे वाढले, आणि साऱ्या पाणलोटाची बेरीज केली तर दोन्ही एकमेकांत जिरले. छोट्या उपखोऱ्यांत मात्र बदल ठळक होते. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. बेरजेत काहीच घडलेले नसते, तेव्हा एखाद्या गावात पुष्कळ काही घडलेले असू शकते. कालव्याच्या टेलला राहणाऱ्याला हे सांगायला संगणक लागत नाही, पण सरकारी टेबलावर ते संगणकातून आले तर ऐकले जाते.

तरीही कागदावरचा शेतकरी आत आहेच. मॉडेल पीक आणि माती ओळखते. ‘सात नंबर’चा अर्ज न भरता रात्री कोणी दार उचलले, कालव्याच्या पाझरावर किती विहिरी जगतात, उसाला कारखाना जवळ आहे की लांब, हे त्याला कोणी सांगितले तरच कळते. नीरा देवघरच्या पाण्याच्या वाटपाचा शासननिर्णय २०१९ आणि २०२० असा लागोपाठ दोनदा फिरला. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी देण्याच्या योजनेच्या सर्वेक्षणाचा आदेश निघाला. सोलापूर जिल्हा पेटला आणि मे महिन्यात तो रद्द झाला. वादाचा मुद्दा साधा होता : पुणे-पिंपरीचे जे सांडपाणी भीमेतून उजनीत येते ते जास्तीचे पाणी धरायचे, की उजनीच्या जुन्या हिश्शातलेच? हे गृहीतक आहे. कोणी तरी आधी ठरवल्याशिवाय कोणतेही मॉडेल याचे उत्तर देत नाही.

म्हणून माझी मागणी मॉडेल नको अशी नाही. प्रिंगलचे गणित वाईट ठरले ते बंद खोलीत झाल्यामुळे. गोल्डस्मिड-विंगेटचे टिकले ते बांधावर तपासले गेल्यामुळे. मॉडेलमध्ये भरलेली गृहीतके मराठीत, एका पानावर, ग्रामसभेत वाचली जावीत. ऊस किती धरला, विहिरी किती धरल्या, सांडपाणी कोणाच्या खात्यावर टाकले, हमी किती टक्के घेतली. आणि ते वाचन कालव्याच्या मुखापासून सुरू न होता शेवटच्या चारीपासून वर यावे. पहिल्या गावात कोणतेही गणित खरे ठरते. ते कुठे चुकले आहे हे शेवटच्या गावाला ठाऊक असते. इंदापूरला ते १८३५ पासून ठाऊक आहे.