कानात लसूण : सुश्रुतापासून तेल अवीवपर्यंत

आज आपण एका घरगुती उपायाचा पुरावा तपासणार आहोत. पोराचा कान ठणकायला लागला की पळीत तेल घ्यायचं, लसणाच्या दोन पाकळ्या काळ्या होईपर्यंत त्यात तळायच्या, आणि कोमट झालं की दोन थेंब कानात. आपल्यातल्या बहुतेकांच्या कानांना हा प्रसाद मिळालेला आहे. हे आलं कुठून, आणि यानं खरंच काही होतं का?

सुश्रुतसंहिता उघडू. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी डल्हणाच्या टीकेसह संपादिलेली, आपल्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची प्रत सहज मिळते. उत्तरतंत्राच्या २०व्या अध्यायात २८ कर्णरोग मोजले आहेत, २१व्यात त्यांची चिकित्सा. (उत्तरतंत्र हा मूळ ग्रंथाला मागाहून जोडलेला भाग, असं बरेच अभ्यासक मानतात.) तिथे कर्णशूळावर लसूण, आलं, शेवगा, मुळा, केळ यांचा स्वरस कोमट करून कानात घालायला सांगितलाय. स्वरस, म्हणजे कुटून पिळलेला रस. तेलाची गोष्ट वेगळी येते : १८ अंगुळं लांबीच्या काष्ठाला वस्त्र गुंडाळायचं, तेलात भिजवून पेटवायचं, आणि त्यातून ठिबकणारं तेल कानासाठी वापरायचं. याला दीपिका तैल म्हणतात. आमच्या मते आपल्या पळीत या दोन वाटा एकत्र झालेल्या दिसतात.

आणि हा फरक किरकोळ नाही. १९४४ साली कॅव्हॅलिटो आणि बेली या अमेरिकी संशोधकांनी लसणातला जंतुनाशक पदार्थ वेगळा काढला, तो ॲलिसिन. गंमत अशी, की अख्ख्या पाकळीत ॲलिसिन नसतंच. पाकळी ठेचली की तिच्यातलं एक विकर दुसऱ्या द्रव्यावर काम करतं आणि मग ते तयार होतं. उष्णतेनं हे विकर मरतं. म्हणजे बघा, अख्खी पाकळी उकळत्या तेलात टाकली तर ॲलिसिन तयार व्हायच्या आधीच कारखाना बंद! प्रयोगशाळेत कच्च्या लसणाचा अर्क कानातल्या बुरशीला रोखतो, हे १९९५ मध्ये दाखवलं गेलंय. पण काचेची बशी म्हणजे कान नव्हे.

मग माणसांवरचा पुरावा? तेल अवीवच्या सॅरेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये, मधल्या कानाच्या संसर्गानं कान दुखणाऱ्या १०३ मुलांवर प्रयोग केला. एका गटाला ऑलिव्ह तेलात लसूण आणि इतर वनस्पती असलेले थेंब, दुसऱ्याला बधिर करणारे थेंब. दोन्हींचा गुण सारखाच. वनौषधीवाल्यांनी हे निशाण बरंच मिरवलं. पण २००३ मध्ये त्याच गटानं १७१ मुलांचा अभ्यास छापला, आणि त्यात स्पष्ट लिहिलं, की तीन दिवसांत कमी झालेल्या दुखण्यापैकी सुमारे ८० टक्के नुसत्या काळानं कमी झालं. शिवाय काहीच औषध नसलेले थेंब घातलेला गट दोन्ही अभ्यासांत नव्हता. आता आजी सांगायची, "तिसऱ्या दिवशी बरं वाटेल". ती खोटं बोलत नव्हती. श्रेय तेवढं लसणाला जायचं.

आणखी एक अडचण शरीररचनेची. पोरांचा संसर्ग बहुधा पडद्याच्या आत असतो. पडदा धड असेल तर बाहेरून घातलेलं तेल तिथवर पोचत नाही. ऊब मिळते, ठणका थोडा निवतो, इतकंच. पडदा फाटलेला असेल तर मात्र तेल आत जातं, आणि तिथे ते जायलाच नको.

इथे सुश्रुताकडे परत यावंसं वाटतं. वाहत्या कानाच्या चिकित्सेत पुसणं, धुणं, धुरी ही कामंही सांगितली आहेत, आणि तीही प्रत्येक वेळी नीट बघून करायला. यातलं पुसणं आजही शिल्लक आहे : वाहणारा कान स्वच्छ सुती कापडाच्या वातीनं पुन्हा पुन्हा कोरडा करा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या बालरोगविषयक सूचनांत आहे. पळी आपण जपली, वात विसरलो. पू दोन आठवडे येतच राहिला तर ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं, आणि त्या पोराला कानाच्या डॉक्टरकडेच न्यावं लागतं.