आगाखान पॅलेसमधील एक मृत्यू

१९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद महात्मा गांधींनी भूषविले, याचा आम्हा सीमाभागातील माणसांना अभिमान आहे. पुढे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेत कस्तुरबांचे निधन झाले. ते मात्र आम्ही केवळ पुण्यतिथीपुरते स्मरतो.

कस्तुरबांना शक्य ते सर्व वैद्यकीय साहाय्य मिळत होते, असे ब्रिटिश पार्लमेंटमध्ये सरकारतर्फे सांगण्यात आले. गांधीजींनी मार्च १९४४ मध्ये कैदेतूनच पत्र लिहून या निवेदनास हरकत घेतली. साहाय्य मुळीच मिळाले नाही, असे त्यांचे म्हणणे नव्हते; ते केव्हा व किती विनवण्यांनंतर मिळाले, हा प्रश्न होता. निसर्गोपचारतज्ज्ञ डॉ. दिनशा मेहता यांना मागणी होऊनही परवानगी उशिरा मिळाली. लाहोरचे वैद्य शिवशर्मा यांना रात्री आत राहण्यास मनाई होती. त्यांना फाटकाबाहेर मोटारीत झोपावे लागले.

सरकारी निवेदनात उपचारांची नोंद सापडते, विलंबाची सापडत नाही. ज्याच्या हाती तुरुंगाची किल्ली, त्याचीच साक्ष इतिहासाने अंतिम मानू नये, असे आम्हांस वाटते. येथे कैद्याची पत्रे उरली, म्हणून दुसरी बाजू कळली. ज्यांना पत्र लिहिणारे कोणी नव्हते, त्यांच्या मृत्यूंचे काय?