'प्रूव्ह' लिहिण्याआधी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी पहिला शोधनिबंध लिहायला घेतला. आकृती ३ खाली मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं की आमचे निकाल अमुक एक यंत्रणा 'प्रूव्ह' करतात. सरांनी त्या एका शब्दाभोवती लाल गोल केला आणि समासात एवढंच लिहिलं, "बॅचेस किती?" बॅचेस तीन होत्या. खरं सांगायचं तर मला रागच आला. प्रूव्ह, शो, डेमॉन्स्ट्रेट, कन्फर्म ही सगळी क्रियापदं समानार्थी म्हणून एकाच ओळीत दिलेली असतात, मग एकाच्या जागी दुसरं आलं तर काय बिघडलं? त्या रागातूनच मी या शब्दाच्या मागे लागले.

'प्रूव्ह'चं मूळ लॅटिन 'प्रोबारे' या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ पारखणे, तपासून चांगलं ठरवणे. तिथून ते जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. 'प्रोब' आणि 'प्रॉबेबल' हे त्याचेच भाऊबंद. म्हणजे सुरुवातीला हा शब्द निकालाचा जितका होता तितकाच परीक्षेचाही होता. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये सगळ्या गोष्टी पारखून घ्या असं सांगताना हेच क्रियापद वापरलंय. आपल्याकडे सोनार कसोटीच्या दगडावर सोनं घासून बघतो आणि मग आपण म्हणतो, 'कसाला उतरलं'. जुना 'प्रूव्ह' अगदी तसाच आहे. आधी घासणं, मग उतरणं.

हा अर्थ अजून पुसला गेलेला नाही, फक्त आपलं लक्ष जात नाही. छापखान्यातलं 'प्रूफ' म्हणजे चाचणीची छपाई. पावाचं पीठ फुगायला ठेवतात त्यालाही इंग्रजीत 'प्रूव्ह'च म्हणतात. सगळ्यात बोलकं उदाहरण बंदुकांचं आहे. बर्मिंगहॅममध्ये १८१३ साली 'प्रूफ हाउस' सुरू झालं. तिथे नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून बार काढायचे. नळी फुटली नाही तरच तिच्यावर शिक्का. ओडिशातल्या चांदीपूरला डीआरडीओची संस्था आहे, तिच्या नावातही 'प्रूफ' आहे ते याच अर्थाने. तोफा आणि दारूगोळ्याची चाचणी. आणि आपण बँकेत 'ॲड्रेस प्रूफ' म्हणून विजेचं बिल देतो, तेव्हा मात्र कोणी काही घासून बघत नाही!

इथे एक सावधगिरीची सूचना. 'अपवादाने नियम सिद्ध होतो' या इंग्रजी म्हणीतही 'प्रूव्ह'चा अर्थ 'तपासणे' असाच आहे, असं सर्रास सांगितलं जातं. मीही एका सेमिनारमध्ये छाती फुगवून सांगून बसले होते. ते चुकीचं आहे. म्हण कायद्यातून आलीय आणि तिच्या मागचा युक्तिवाद सिसेरोने इसवी सनपूर्व ५६ मध्ये बाल्बसच्या बचावात केला होता. 'रविवारी पार्किंग मोफत' अशी पाटी दिसली की इतर दिवशी पैसे पडतात हे न लिहिताही कळतं. अपवाद नोंदवला, म्हणजे नियम आहेच. तेव्हा शब्दाची व्युत्पत्ती हाती लागली म्हणून ती सगळीकडे लावत सुटू नका.

मग विज्ञानात काय झालं? न्यूटनच्या 'ऑप्टिक्स'मध्ये (१७०४) पहिल्याच वाक्यात तो म्हणतो की प्रकाशाचे गुणधर्म मी तर्काने आणि प्रयोगांनी 'प्रूव्ह' करणार आहे. त्याला त्यात काही संकोच वाटत नाही. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत मात्र प्रयोग करणाऱ्यांच्या हातातून हा शब्द सुटत गेला. फिशरने १९३५ च्या 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स'मध्ये स्पष्टच लिहिलं की शून्य गृहीतक कधी सिद्ध होत नाही, फार तर खोडलं जातं. पॉपरने त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनमध्ये साधारण त्याच दिशेचा मुद्दा तत्त्वज्ञानाच्या अंगाने मांडला होता. 'प्रूव्ह' उरला तो गणितात, आणि तिथेही तो स्वस्त नाही. अँड्र्यू वाइल्सने जून १९९३ मध्ये फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली, नंतर तिच्यात भोक सापडलं, ते बुजवायला सप्टेंबर १९९४ उजाडलं. मधल्या काळात ती 'जवळजवळ सिद्ध' नव्हती. ती सिद्ध नव्हतीच.

बाकीच्यांनी कोणती क्रियापदं निवडली बघा. वॉटसन आणि क्रिक यांच्या १९५३ च्या डीएनएवरच्या निबंधाचं पहिलं वाक्य काय करतं? रचना 'सजेस्ट' करतं. जीवशास्त्राचं चित्र पालटणारा निबंध, आणि क्रियापद हे! २०१२ मध्ये हिग्ज बोसॉनच्या शोधाचे निबंध आले, त्यांच्या शीर्षकात 'ऑब्झर्व्हेशन' आहे. कणभौतिकीत तर शब्दांना चक्क आकडे बांधलेत: साधारण तीन सिग्माला 'एव्हिडन्स' म्हणायचं, पाच सिग्मा झाल्याशिवाय 'ऑब्झर्व्हेशन' म्हणायचं नाही. मला ही पद्धत फार आवडते. शब्दाची किंमत आधीच ठरलेली, त्यामुळे लेखकाच्या उत्साहाला वाव नाही.

म्हणून समानार्थी शब्दांची यादी उघडताना प्रत्येक शब्दापुढे मनात एक प्रश्न ठेवा: हे म्हणायला माझ्याकडे काय असायला हवं? 'सजेस्ट'ला एक सुसंगत खूण पुरते, दुसरं स्पष्टीकरण शक्य असलं तरी चालतं. 'शो' म्हणजे वाचकाला आकृतीत ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे. 'कन्फर्म'साठी आधी कुणीतरी ते म्हटलेलं हवं आणि तुम्ही वेगळ्या वाटेने तिथेच पोचायला हवं. या सीमा काही दगडावर कोरलेल्या नाहीत, विषयागणिक थोड्या सरकतात. तुमच्या क्षेत्रातले दहा चांगले निबंध घ्या आणि फक्त निष्कर्षातली क्रियापदं अधोरेखित करा. एक दुपार जाते.

माझ्या निबंधाचं पुढे काय झालं ते सांगते. सरांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी आणखी दोन बॅचेस केल्या. चौथी पहिल्या तीनसारखीच आली. पाचवीत जे शिखर दिसायला हवं होतं ते दिसलंच नाही. दोन आठवडे शोधल्यावर कळलं की त्या दिवशी भट्टीचं तापमान चाळीस अंशांनी कमी होतं. म्हणजे आमची यंत्रणा एका ठरावीक तापमानाच्या वरच चालते, असं दिसत होतं. हे 'प्रूव्ह' लिहून छापलं असतं, तर कुणीतरी दुसऱ्याच प्रयोगशाळेत ती पाचवी बॅच केली असती.

आता आकृती ३ खाली 'सजेस्ट' आहे, आणि पुढे तापमानाची अट.